मित्राची गाडी आणि सहापट ताकद : जिम क्लार्कने वेग कसा आवरला?

समजा, तुमच्या मित्राने नवीकोरी स्पोर्ट्स कार घेतली आहे. ट्रॅक डेला तो तुमच्या हातात चावी देतो आणि म्हणतो, जा, दोन फेऱ्या मारून ये. आनंद तर होतोच, पण पोटात गोळाही येतो. गाडी आपली नाही, ताकद सवयीच्या पलीकडची आहे आणि काही झालं तर मित्राला तोंड कसं दाखवायचं?

फॉर्म्युला वनचा दोन वेळचा जगज्जेता जिम क्लार्क याची सुरुवात अगदी अशीच झाली होती. त्याची गोष्ट समजून घेतली की जास्त ताकदीची गाडी नेमकी कशी चालते, हेही आपोआप समजतं.

शेतकऱ्याचा एकुलता मुलगा

जिमचा जन्म ४ मार्च १९३६ रोजी स्कॉटलंडमधल्या किलमनी इथला. चार बहिणींच्या पाठीवर झालेला हा एकटाच मुलगा. पुढे कुटुंब इंग्लंडच्या सीमेजवळच्या एडिंग्टन मेन्स या शेतावर राहायला आलं. मेंढ्या, गुरं, ट्रॅक्टर यांत तो वाढला. शेती पुढे त्यानेच सांभाळायची हे घरात ठरलेलंच होतं आणि शर्यतींना आईवडिलांचा ठाम विरोध होता.

त्याचा मित्र इयन स्कॉट-वॉटसन हाही शेतकरीच, पण गाड्यांचा भारी शौकीन. जून १९५६ मध्ये हे दोघे अ‍ॅबर्डीनच्या उत्तरेला क्रायमंड इथल्या जुन्या विमानतळावर शर्यतीसाठी गेले. जिम गेला होता मदतनीस म्हणून. पण इयनने स्वतःची डीकेडब्ल्यू गाडी त्याच्या हातात दिली आणि सरावात जिम गाडीच्या मालकापेक्षाच वेगवान निघाला! शर्यतीत मात्र तो शेवटच्या स्थानावर राहिला, कारण समोरच्या गाड्या कितीतरी दमदार होत्या.

ही डीकेडब्ल्यू म्हणजे तीन सिलिंडरची टू-स्ट्रोक, पुढची चाकं ओढणारी साधी गाडी. ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती. अशा गाडीत एक चांगली सवय लागते. वळणावर घालवलेला वेग परत मिळवायला इंजिनात जोरच नसतो, त्यामुळे वेग वाया न घालवता वळायला शिकावं लागतं.

४० वरून थेट २५० अश्वशक्ती

१९५८ मध्ये बॉर्डर रीव्हर्स या मित्रमंडळींच्या संघाने जिमला जॅग्वार डी-टाइप चालवायला दिली. १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षं ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेलं हे मॉडेल. ३.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, सुमारे २५० अश्वशक्ती आणि वजन एक टनाच्या आत. म्हणजे ताकद थेट सहापट!

या गाडीत दोन गोष्टी तेव्हा खास होत्या. पहिली, डिस्क ब्रेक. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये उष्णता आत कोंडते आणि काही फेऱ्यांनंतर ब्रेक लागेनासे होतात. डिस्क उघड्या हवेत फिरते, त्यामुळे लवकर थंड होते. दुसरी, गाडीचा मधला भाग. तो सांगाड्यावर पत्रा चढवून केलेला नव्हता. विमानाच्या धडासारखा पत्र्याचाच मजबूत टब होता.

एप्रिल १९५८ मध्ये यॉर्कशरमधल्या फुल सटन विमानतळावर जिमने ही गाडी पळवली. ताशी १०० मैलांपेक्षा, म्हणजे १६० किलोमीटरपेक्षा जास्त सरासरीने फेरी पूर्ण करून त्याने शर्यत जिंकली. तेव्हा तो २२ वर्षांचा होता.

टायरचं गणित

इतक्या ताकदीची गाडी त्याने आवरली कशी? उत्तर टायरमध्ये आहे. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. ब्रेक मारणं, वळणं आणि वेग वाढवणं हे तिन्ही खर्च त्यातूनच भागवायचे. सगळा पगार वळण्यात गेला असेल आणि त्याच वेळी तुम्ही जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर मागची चाकं घसरतात आणि गाडी गर्रकन फिरते. ४० अश्वशक्तीत ही उधळपट्टी सहसा होतच नाही. २५० मध्ये ती क्षणात होते. थोडक्यात, अंथरूण पाहून पाय पसरायचे.

घाबरून वळणात एकदम पाय काढला तरी धोका असतोच. वजन पुढे झुकतं, मागचा भाग हलका होतो आणि पकड सुटते. म्हणून जिम सगळं हलक्या हाताने करायचा. ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरायचं, स्टिअरिंगला हिसका द्यायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबत जायचा. त्याच्या गाडीचे टायर आणि ब्रेक पॅड सहकाऱ्यांच्या गाड्यांपेक्षा जास्त टिकायचे. बघणाऱ्याला वाटायचं, हा आरामात चाललाय. घड्याळ मात्र वेगळंच सांगायचं.

भीती होती, पण...

त्याच वर्षी मे महिन्यात तो हीच डी-टाइप घेऊन बेल्जियममधल्या स्पा इथे गेला. तेव्हाचा हा मार्ग १४ किलोमीटरचा, घरं आणि झाडांच्या मधून जाणारा. त्या शर्यतीत आर्ची स्कॉट ब्राउन या स्कॉटिश चालकाचा अपघात झाला आणि त्यात त्याचा जीव गेला. स्पाबद्दलची नावड जिमच्या मनातून कधीच गेली नाही. तरीही १९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षं बेल्जियन ग्रां प्री त्यानेच जिंकली, तीही याच मार्गावर.

१९५८ च्या डिसेंबरमध्ये ब्रँड्स हॅचला तो लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांच्याविरुद्ध लोटस एलीट चालवत होता. तो दुसरा आला आणि चॅपमन यांच्या नजरेत भरला. पुढे या जोडीने इतिहास घडवला. १९६३ आणि १९६५ ची जगज्जेतेपदं आणि १९६५ ची इंडियानापोलिस ५००. मागे इंजिन असलेल्या गाडीने ती शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. फॉर्म्युला वनमध्ये त्याने ७२ शर्यतींत २५ विजय मिळवले आणि ३३ वेळा पहिल्या स्थानावरून सुरुवात केली.

हॉकेनहाइम

७ एप्रिल १९६८. जर्मनीतल्या हॉकेनहाइमला फॉर्म्युला टूची शर्यत होती. ट्रॅक ओलसर होता. वेगवान भागात त्याची लोटस अचानक भरकटली आणि झाडांवर आदळली. मागच्या टायरमधली हवा गेली असावी, असं मानलं जातं. तिथे ट्रॅकच्या कडेला संरक्षक कठडा नव्हता. त्यात जिमचा जीव गेला. वय फक्त ३२.

सगळे चालक हादरले. जिमसारख्याच्या बाबतीत हे घडू शकतं, तर आपलं काय? हात कितीही सफाईदार असला, तरी टायरच दगा देतो तेव्हा वाचवायला कठडाच लागतो. त्याचा मित्र जॅकी स्टुअर्ट आणि इतर चालकांनी पुढे कठडे, वैद्यकीय मदत आणि सुरक्षित ट्रॅक यांसाठी नेटाने लढा दिला.

म्हणून मित्राने चावी दिलीच, तर आधी टायरची हवा आणि अवस्था तपासा, हेल्मेट नीट बांधा, पहिल्या फेऱ्या सावकाश मारा. आणि ट्रॅकच्या कडेला काय आहे, हेही बघून ठेवा.

चर्नसाइड गावात जिमची समाधी आहे. तिथल्या दगडावर जगज्जेता हा उल्लेख नंतर येतो. त्याच्या आधी कोरलंय, शेतकरी.