सर सॉल सॅम्युएल

स्कोफिल्ड्सहून गाडीने सिडनीत जाणाऱ्या आपल्या मंडळींनी हाइड पार्कसमोरचे ग्रेट सिनॅगॉग पाहिलेच असेल. त्याची कोनशिला २६ जानेवारी १८७५ रोजी बसविण्यात आली. ती बसविणारे गृहस्थ त्या वेळी न्यू साउथ वेल्स वसाहतीचे टपालमंत्री होते. नाव सॉल सॅम्युएल. सॉल म्हणजे आपला शाऊलच, आणि सॅम्युएल नाव तर आपल्यात घरोघर आहे. म्हणून त्यांची थोडी माहिती वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

त्यांचा जन्म १८२० साली लंडनमध्ये झाला. वडील जन्मापूर्वीच वारले होते. १८३२ मध्ये, अकरा वर्षांचे असताना, ते आईबरोबर सिडनीस नातलगांकडे आले. शिक्षण येथेच झाले. पुढे डोंगरापलीकडे बाथर्स्टच्या बाजूस त्यांनी व्यापार व मेंढ्यांचा धंदा करून चांगला जम बसविला.

१८५४ साली ते येथील कायदेमंडळावर निवडून आले. आज यात कोणास काही विशेष वाटणार नाही. पण तेव्हा लंडनची स्थिती काय होती? बॅरन लायोनेल रॉथशिल्ड १८४७ पासून पुन्हा पुन्हा निवडून येत होते. परंतु शपथेत ख्रिस्ती धर्माच्या निष्ठेचे शब्द असत आणि ते उच्चारण्यास त्यांनी नकार दिला. अकरा वर्षे निवडून येऊनही त्यांना बसता येईना! १८५८ मध्ये नियम बदलला, तेव्हा कोठे ते डोके झाकून, आपल्या पवित्र शास्त्रावर शपथ घेऊन आत गेले. म्हणजे रॉथशिल्डांना जे लंडनला मिळाले नव्हते, ते सॅम्युएलना चार वर्षे आधी सिडनीस मिळाले. १८५९ साली तर ते वसाहतीचे खजिनदार झाले. ऑस्ट्रेलियातील हे पहिले यहुदी मंत्री. खजिना पुढे आणखी दोनदा त्यांच्याकडे आला.

आमच्या मते त्यांचे खरे काम टपालाचे. इंग्लंडची डाक सुएझ व सिलोनमार्गे येई आणि आधी मेलबर्नला पोचे. सिडनीच्या व्यापाऱ्यांना पत्रे मागाहून मिळत. बाजारभाव शेजाऱ्याला आधी कळले की काय होते, हे मुंबईत दुकान चालविलेल्यांस सांगावयास नको. अमेरिकेत १८६९ साली पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली होती. तेव्हा पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्को, तेथून रेल्वेने न्यूयॉर्क आणि मग लंडन, असा दुसरा मार्ग सॅम्युएलनी धरला. १८७३ मध्ये इंग्लंडला जाऊन न्यूझीलंडच्या सोबतीने त्यांनी त्याचा करार केला.

१८८० मध्ये वसाहतीचे प्रतिनिधी म्हणून ते लंडनला गेले व १८९७ पर्यंत त्या जागेवर राहिले. १८८२ साली 'सर' झाले, १८९८ मध्ये बॅरोनेट. २९ ऑगस्ट १९०० रोजी लंडनमध्येच त्यांचे निधन झाले. सिनॅगॉगचे उद्घाटन ४ मार्च १८७८ रोजी झाले होते, आणि तेथे आजही प्रार्थना चालते.