स्पिटफायरचा जनक : रेजिनल्ड मिचेल

प्लॅस्टिकचे सुटे भाग चिकटवून विमानांच्या प्रतिकृति करण्याचा ज्या विद्यार्थ्यांस छंद आहे, त्यांच्या हातांतून स्पिटफायर हें लढाऊ विमान बहुधा गेलेंच असेल. एअरफिक्स ह्या इंग्रज कंपनीनें 1953 सालीं विमानाचा पहिला संच काढला तोही ह्याचाच. सहा फुटांस एक इंच ह्या प्रमाणाची ही प्रतिकृति पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अवघी सहा इंच भरते. चिकटविण्यापूर्वीं तिचे ते पातळ, लंबवर्तुळाकार पंख मात्र नीट न्याहाळावे.

ह्या विमानाचा कर्ता रेजिनल्ड मिचेल हा इंग्लंडांतील स्टॅफर्डशायर परगण्यांत 20 मे 1895 रोजीं एका शिक्षकाच्या घरीं जन्मला. लहानपणीं तोही विमानांच्या प्रतिकृति करून उडवीत असे. सोळाव्या वर्षीं तो आगगाडीचीं इंजिनें बांधणाऱ्या कारखान्यांत उमेदवार राहिला व रात्रीच्या शाळेंत गणित शिकला. 1917 सालीं तो साउदॅम्प्टनच्या सुपरमरीन कंपनींत शिरला. त्यानें रचलेल्या जलविमानांनीं 1927, 1929 व 1931 सालीं श्नायडर चषक जिंकला. त्यांतील शेवटच्यानें पुढें ताशीं 407 मैलांचा विक्रम केला.

एवढ्या कीर्तीनंतर 1934 सालीं उडालेलें त्याचें पहिलें लढाऊ विमान अगदींच फसलें. पंख जाड, चाकें कायमचीं बाहेर, वेग अपेक्षेहून कमी! सरकारनें तें नाकारलें. यशस्वी पुरुषास असें अपयश फार झोंबतें. त्यांतच आदल्या वर्षीं आंतड्याच्या कर्करोगासाठीं त्याच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली होती, आणि रोग उलटण्याचें भय होतें. तरी त्यानें विश्रांति घेतली नाहीं. उलट तो स्वतः विमान चालविण्यास शिकला, आणि फसलेल्या विमानास ठिगळें न लावतां त्यानें नवाच आराखडा हातीं घेतला. चाकें पंखांत मिटतील, आठ मशिनगना मावतील आणि तरीही पंख पातळ राहील, असा आकार हवा होता. तो साधण्यांत बेव्हर्ली शेन्स्टन ह्या कॅनडाच्या सहकाऱ्याचा वांटा मोठा होता. 5 मार्च 1936 रोजीं ईस्टली येथें हें विमान प्रथम उडालें, व जूनमध्यें सरकारनें 310 विमानांची मागणी नोंदविली.

पुढें रोग उलटला. 11 जून 1937 रोजीं, वयाच्या 42 व्या वर्षीं, मिचेल निवर्तला. 1940 सालीं ब्रिटनच्या आकाशांत झालेल्या संग्रामांत स्पिटफायरनें हरिकेनच्या जोडीनें जर्मन हवाई दलास थोपविलें. एकंदर वीस हजारांहून अधिक स्पिटफायर बांधलीं गेलीं. मिचेलच्या हयातींत उडालें तें एकच.