गुरुदत्त आणि रुंद पडदा

गुरुदत्त यांचा जन्म ९ जुलै १९२५ रोजी बंगळूर येथे झाला. त्यांचे आडनाव पदुकोण. बालपण कोलकात्यात गेले. आर्थिक अडचणींमुळे त्यांना महाविद्यालयात जाता आले नाही. अल्मोडा येथे उदयशंकर यांच्या कलाकेंद्रात त्यांनी नृत्याचे शिक्षण घेतले आणि पुढे ते पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत आले. तेथे देव आनंद यांच्याशी त्यांची मैत्री जुळली. त्यांच्याच नवकेतन संस्थेसाठी १९५१ साली गुरुदत्त यांनी ‘बाजी’ दिग्दर्शित केला. १९५७ च्या ‘प्यासा’ने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

यशाच्या ऐन भरात त्यांनी मोठे धाडस केले. १९५९ साली आलेला ‘कागज के फूल’ हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट होय. जुन्या पद्धतीचे चित्र तीन हात उंच असले तर चार हात रुंद असे; सिनेमास्कोपचे चित्र तेवढ्याच उंचीला सुमारे सात हात रुंद. हे साधले होते एका भिंगाने. कॅमेऱ्यापुढील भिंग दृश्य आडवे दाबून नेहमीच्याच फिल्मवर बसवी आणि चित्रपटगृहातील प्रक्षेपकाचे भिंग ते पुन्हा पसरवी.

एवढी रुंदी अनेकांनी लढाया आणि लवाजमे दाखविण्यासाठी वापरली. गुरुदत्त आणि छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी तिच्यात एकटेपणा भरला. कीर्ती ओसरलेल्या एका दिग्दर्शकाची ही कथा. रिकामा स्टुडिओ, त्यात उतरलेला उन्हाचा तिरपा झोत आणि दूर उभे असलेले दोन जीव. त्यांच्यामधील मोकळी जागाच सारे सांगून जाते. मूर्ती यांना छायाचित्रणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. प्रेक्षकांनी मात्र चित्रपट नाकारला. हा घाव खोल होता. यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्त यांनी कोणत्याही चित्रपटाला आपले नाव दिले नाही. १० ऑक्टोबर १९६४ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

योगायोग असा, की १९५९ सालीच दिल्लीत दूरदर्शनचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले होते. मुंबईत ते १९७२ मध्ये पोहोचले. घरातील त्या संचाचा पडदा जुन्या चित्रपटासारखाच, चारास तीन या प्रमाणाचा होता. त्यावर सात हातांचे चित्र बसवायचे कसे? दोन्ही बाजू कापल्या, तर पडदा भरतो, पण चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग जातो. संपूर्ण रुंदी ठेवली, तर उंची कमी पडते आणि वर-खाली काळ्या पट्ट्या उरतात. पुढे आलेले रुंद संचही सोळास नऊ या प्रमाणाचे, म्हणजे सिनेमास्कोपहून अरुंदच. त्यांच्यावर पट्ट्या बारीक होतात, नाहीशा होत नाहीत. पुष्कळांना तो संचातील बिघाड वाटतो. प्रत्यक्षात पट्ट्या असतात तेव्हा स्टुडिओतील ते दोघेही पडद्यावर असतात. बाजू कापल्या, की त्यांच्यापैकी एक जण बाहेर जातो.