दीनांचे कैवारी: बिशप बार्तोलोमे दे लास कासास

ज्युबिली हें नांव आपल्या उत्सवास पवित्र शास्त्रांतून लाभलें आहे. दर पन्नासाव्या वर्षीं दासांस मुक्त करावें व गेलेली जमीन मूळ धन्यास परत द्यावी, अशी जुन्या करारांत आज्ञा आहे. म्हणून परक्या वंशाच्या दासांसाठीं, हातीं शस्त्र न धरितां, पन्नासांहून अधिक वर्षें झगडलेल्या एका धर्मगुरूचें चरित्र या प्रसंगीं वाचकांपुढें ठेवणें उचित होईल.

बार्तोलोमे दे लास कासास यांचा जन्म स्पेन देशांतील सेविल शहरीं १४८४ च्या सुमारास झाला. कोलंबसाच्या दुसऱ्या सफरींत, १४९३ सालीं, त्यांचे वडील होते. १५०२ सालीं बार्तोलोमेही हिस्पानियोला बेटावर गेले. तेथें एन्कोमिएंदा नांवाची पद्धत चालू होती. मूळ रहिवाशांची वस्ती एखाद्या स्पॅनिश माणसाच्या हवालीं करावयाची. त्यानें त्यांस धर्मशिक्षण द्यावें व बदल्यांत त्यांजकडून काम घ्यावें, असें कागदोपत्रीं ठरलें होतें. प्रत्यक्षांत धर्मशिक्षण नांवापुरतें राही, आणि खाणींत व शेतांत वेठीनें राबून, उपासमारीनें व रोगराईनें माणसें हजारोंनीं मरत. लास कासास यांस गुरुदीक्षा मिळाली, तरी त्यांजपाशीं अशीं वेठीचीं माणसें होतींच. ते त्यांस दयेनें वागवीत. त्यामुळें आपलें कांहीं चुकतें असें त्यांच्या मनास शिवलें नाहीं.

१५११ सालच्या आगमनकाळांत दोमिनिकन संघाचे फादर आंतोनिओ दे मोंतेसिनोस यांनीं व्यासपीठावरून या अन्यायाचा उघड निषेध केला. श्रोते खवळले. लास कासास यांचेंही मन तेव्हां वळलें नाहीं. एका दोमिनिकन गुरूनें याच कारणास्तव त्यांस पापक्षमा नाकारिली असतां त्यांनीं उलट वाद घातला. परंतु पेरलेलें बीं वायां गेलें नाहीं. १५१४ सालीं क्यूबा बेटांत पेंटेकॉस्टच्या सणाचें प्रवचन तयार करीत असतां सिराक ग्रंथाचा ३४ वा अध्याय त्यांच्या वाचनांत आला. गरिबास नागवून आणिलेलें अर्पण देव स्वीकारीत नाहीं, असा त्याचा भावार्थ आहे. कित्येक दिवस त्यांनीं मनन केलें. मग आपल्या ताब्यांतील माणसें त्यांनीं गव्हर्नरास परत केलीं, आणि १५ ऑगस्ट रोजीं, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणीं, भर प्रवचनांत ती गोष्ट जाहीर करून श्रोत्यांसही तसेंच करण्यास सांगितलें.

पुढच्याच वर्षीं ते स्पेनला गेले, व १५१६ सालीं त्यांस तेथील रहिवाशांचे रक्षक नेमण्यांत आलें. याच काळीं त्यांच्या हातून एक मोठी चूक घडली. त्या रहिवाशांचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकेंतील गुलाम आणावे, असें त्यांनीं सुचविलें. आफ्रिकन लोकांसही तितक्याच अन्यायानें पकडितात हें कळल्यावर त्यांस घोर पश्चात्ताप झाला. देवाच्या न्यायासनापुढें अज्ञानाची सबब चालेल कीं नाहीं, ही शंका त्यांनीं आपल्या इतिहासग्रंथांत स्वतःच लिहून ठेविली. चरित्रांतील हा डाग त्यांनीं झांकला नाहीं. आपणही झांकूं नये.

१५२२ च्या सुमारास ते दोमिनिकन संघांत शिरले. ग्वातेमालांतील तुसुलुत्लान हा प्रांत तरवारीनें जिंकला गेला नव्हता. पांच वर्षें कोणाही स्पॅनिश वसाहतवाल्यानें तेथें पाऊल ठेवूं नये, असा करार १५३७ सालीं गव्हर्नराशीं करून, लास कासास व त्यांचे गुरुबंधु शिपायांवांचून त्या कार्यास लागले. पुढें त्या प्रांतास खऱ्या शांतीचा प्रांत या अर्थाचें वेरापास हें नांव पडलें. त्याच वर्षीं पोप तिसरे पॉल यांनीं, हे लोक ख्रिस्ती नसले तरी त्यांचें स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेतां येणार नाहीं, असें जाहीर केलें. १५४२ सालीं सम्राट पांचवे चार्ल्स यांनीं वेठीची पद्धत हळूहळू बंद पाडणारे नवे कायदे केले.

१५४४ सालीं लास कासास यांस चियापासचे बिशप म्हणून अभिषेक झाला. धर्मप्रांतांत पोंचतांच त्यांनीं असा नियम केला कीं, जो वेठीचीं माणसें सोडणार नाहीं व लुबाडलेलें परत करणार नाहीं, त्यास पापक्षमा मिळावयाची नाहीं. ज्या दंडानें एकदां त्यांस स्वतःस राग आला होता, तोच आतां त्यांनीं आपल्या कळपास लावला. गांवांत दंगा झाला, जिवावर बेतलें. १५४५ सालीं सम्राटानेंही वसाहतवाल्यांच्या विरोधापुढें नमून कायद्यांतील मुख्य कलम मागें घेतलें. बिशप हटले नाहींत. १५४७ सालीं स्पेनला परतून त्यांनीं दरबारीं झगडा चालू ठेविला. १५५० व १५५१ सालीं वायादोलिद येथें विद्वान् सेपुल्वेदा यांच्याशीं त्यांचा प्रसिद्ध वाद झाला. कांहीं माणसें जन्मतःच दास होत, या ॲरिस्टॉटलच्या मताचा सेपुल्वेदांनीं आधार घेतला. जगांतील सर्व लोक मानवच आहेत व बुद्धि सर्वांस आहे, असें लास कासास यांचें उत्तर होतें. निकाल कांहींच लागला नाहीं. जुलै १५६६ मध्यें माद्रिद येथें ते प्रभूकडे गेले, तेव्हां वेठ चालूच होती.

वाचकहो, त्यांस दिसून आलेलें यश थोडें. पण सत्य कळल्यावर प्रथम त्यांनीं स्वतःचें घर स्वच्छ केलें, मग व्यासपीठावर पाय ठेविला. आपल्या वाडींत व घरीं परक्या मुलखांतून आलेलीं माणसें राबतात. त्यांची मजुरी वेळेवर व पुरी पोंचते काय, त्यांस आपण माणसाप्रमाणें हांक मारितों काय, हें प्रत्येक कुटुंबानें या ज्युबिलीच्या वर्षीं वेदीपाशीं अर्पण घेऊन येण्यापूर्वीं पाहावें. प्रभु आपणां सर्वांस तें धैर्य देवो.