दोन मैलांचे चित्र

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु चित्रपट तयार करणे जितके कठीण होते, तितकेच तो पाहावयास लोकांना घराबाहेर काढणेही कठीण होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. मुलाचा ओढा मात्र कलेकडे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, छपाई अशा अनेक विद्या हस्तगत केल्या. जादूचे प्रयोगही ते करीत. त्या वेळी ते आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केळफा असे भारदस्त नाव धारण करीत! लोकांचे कुतूहल कसे चाळवावे, हे त्यांना तेव्हापासूनच उमगले होते.

१९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकचित्रपट पाहिला. आपले राम-कृष्णही असेच पडद्यावर चालताबोलताना दिसावेत, या ध्यासाने त्यांना घेरले. १९१२ साली ते विलायतेस जाऊन यंत्रसामग्री घेऊन आले. पण पुढील खर्चास पैसा कोण देणार? न पाहिलेल्या वस्तूवर कोणी सावकार पैसे लावीत नाही. तेव्हा दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाच्या वाढीची छायाचित्रे दिवसेंदिवस टिपली. ती फीत पडद्यावर फिरू लागताच महिन्याभराची वाढ पाहणाऱ्यांना क्षणांत घडताना दिसली. व्यापारी मालाचा नमुना दाखवतो, तसाच हा नमुना होता. त्यावर कर्ज मिळाले. उरलेल्या गरजेसाठी पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले.

‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटासाठी नट हवेत, अशी जाहिरात त्यांनी वर्तमानपत्रांत दिली. उमेदवार आले, पण त्यांच्यातील बहुतेकांची मुद्रा पाहून दादासाहेब निराश झाले. म्हणून कुरूप चेहऱ्याच्या माणसांनी येण्याची तसदी घेऊ नये, अशी पुस्ती त्यांना पुढील जाहिरातीत जोडावी लागली! तारामतीच्या भूमिकेसाठी तर मनाजोगती स्त्री मिळेचना. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात चित्रपट लागला. केवळ चित्रपटावर लोक येतील असा चालकांना भरवसा नसावा. कारण त्याच खेळात नाच, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या एका कसरतपटूची करामत, असा सारा थाट होता. मुंबईकरांनी चित्रपटाचे उत्तम स्वागत केले.

सुरतेस मात्र निराळेच घडले. पहिल्या खेळाचे उत्पन्न अवघे तीन रुपये आले! तेथील लोकांना दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहण्याची सवय होती. तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ कोण पाहणार? खेळ लांबवा किंवा दर उतरवा, असा सल्ला दादासाहेबांना मिळाला. त्यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी जाहिरात बदलली. या खेळात सत्तावन्न हजार छायाचित्रे आहेत, हे चित्र दोन मैल लांब आहे आणि हे सारे केवळ तीन आण्यांत, असे त्यांनी जाहीर केले. वेळेच्या मापाने खेळ तोकडा वाटत होता. त्यांनी लोकांच्या हाती मापच दुसरे दिले. लोकांची रीघ लागली आणि उत्पन्न तीनशे रुपयांवर गेले, असे सांगतात.

आता थोडा हिशेब करून पाहा. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती आणि फितीच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. तेव्हा छायाचित्रांचा आकडा खऱ्याच्या जवळचा ठरतो. मैल मात्र ५,२८० फुटांचा असतो. म्हणजे फीत पुरती पाऊण मैलही भरत नव्हती! चित्रपट पाहून लोक तृप्त झाले, म्हणून कोणी फीत मोजावयास गेले नाही. पण ही अतिशयोक्ती होती, हे मान्य केलेच पाहिजे.

पुढे १९१७ साली त्यांचा ‘लंकादहन’ हा चित्रपट झळकला. त्या वेळी अशा युक्तीची गरजच भासली नाही. मुंबईत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालत आणि मद्रासेस तर जमलेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असे म्हणतात. पुढे बोलपट आले आणि दादासाहेब हळूहळू मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.