जखमी कामगाराचा पगार मागणारे नारायण मेघाजी लोखंडे

रविवारची सुट्टी कुणामुळे मिळाली, असं विचारलं तर आता बऱ्याच जणांना नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आठवतं. पण सुट्टीची मागणी ज्या अर्जात होती, त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. तिची आठवण फार कमी लोक काढतात. काम करताना इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी, अशी ती मागणी. साल होतं १८८४.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घराणं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं, फुलमाळी समाजाचं, परिस्थिती गरिबीची. ठाण्यातच शिक्षण झालं, पुढे रेल्वे आणि पोस्ट खात्यात नोकरी केली. त्यानंतर मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल त्यांनी कुणाकडून ऐकले नव्हते, रोज डोळ्यांनी बघितले होते.

गिरणीत तेव्हा दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. वाफेच्या एका इंजिनावर अख्खं खातं फिरे. छताजवळ फिरता शाफ्ट आणि तिथून प्रत्येक यंत्रापर्यंत आलेले चामड्याचे पट्टे. धोतराचा सोगा, पदर किंवा बोट त्यात सापडलं की माणूस ओढला जायचा. मागावरचा धोटा उसळून डोळ्याला लागायचा. चालू यंत्राची साफसफाई करताना बोटं जायची, आणि त्यात लहान पोरंही असायची. रत्नागिरी, सातारा, पुणे भागातून आलेला असा माणूस मग गावी परत. कामावर नाही म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे पगार नाही. कुणी मालकानं दया म्हणून चार पैसे दिले तर दिले.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला त्यानं बंदी केली आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायला सांगितलं. तेही शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांपुरतंच. कुंपण असूनही हात गेला तर त्या घराचं काय, हे कायद्यात कुठंच नव्हतं.

लोखंडे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधू’ हे पत्र १८८० मध्ये त्यांच्याकडे आलं आणि ते मुंबईतून निघू लागलं. गिरणीतली गाऱ्हाणी त्यात छापून येऊ लागली. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार जणांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि जखमीला पगार अशा पाच मागण्या होत्या. याच सुमारास त्यांनी मुंबई गिरणी कामगार संघ काढला. आजच्या युनियनसारखी वर्गणी, सभासद नोंदणी असं त्यात काही नव्हतं. लोकांचा विश्वास हेच काय ते भांडवल.

पुढची सहा वर्षं पाठपुरावा चालला. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायकाही त्या सभेत बोलल्या, त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. अर्ध्या तासाची दुपारची सुट्टी १८९१ च्या कायद्यात आली.

जखमीच्या पगाराचं मात्र काहीच झालं नाही. सुट्टी द्यायला मालक शेवटी तयार झाले, पण यंत्रात गेलेल्या हाताची जबाबदारी घ्यायला नाही. कारण उघड होतं. ती एकदा घेतली की हात गेला तो कामगाराच्याच चुकीनं, असं म्हणून मोकळं होता येत नव्हतं.

१८९३ च्या मुंबईतल्या दंगलीनंतर शांततेसाठी केलेल्या कामाबद्दल सरकारनं लोखंडे यांना रावबहादूर केलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळत होते, तेव्हा ते रोग्यांच्या सेवेत राहिले. त्यातच प्लेग होऊन ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय पन्नाशीच्या आतच. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाई फुलेही प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या.

कामगार नुकसानभरपाई कायदा झाला १९२३ साली आणि लागू झाला १ जुलै १९२४ पासून. अर्ज केल्याला तोवर चाळीस वर्षं होत आली होती. आणि तेव्हाही मिळालं ते लोखंडे यांनी मागितलेलं पूर्ण नव्हेच. तात्पुरती इजा असेल तर या नियमाप्रमाणे आजही दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, म्हणजे हिशेबानं अर्धाच पगार मिळतो. ईएसआयमध्ये नाव असलेल्याला मात्र ९० टक्क्यांपर्यंत मिळतो. कायमचं अपंगत्व आलं तर पगार, वय आणि अपंगत्वाचं प्रमाण बघून एकरकमी भरपाई ठरते.

गावाकडं अजूनही पुष्कळांना वाटतं की हा कायदा कारखान्यापुरताच. तसं नाही. ट्रॅक्टरवर किंवा इंजिन-मोटारीवर चालणाऱ्या यंत्रानं होणाऱ्या शेतीकामावरचा मजूरही त्याच्या यादीत आहे. मळणी यंत्रात हात गेलेल्या मजुरालाही दावा करता येतो. त्यासाठी अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते. मालकाला लगेच लेखी कळवलेलं आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवलेले असले, तर पुढं अडचण कमी येते.