पोलादावरची वेल

बंदुकीशी माझा संबंध जत्रेत फुगे फोडण्यापुरताच. तरीही लुई निम्श्के हा कारागीर मनात घर करून बसला. १८३२ साली जर्मनीत जन्मलेला हा माणूस न्यूयॉर्कमध्ये बंदुका-पिस्तुलांवर वेलबुट्टी कोरी. पोलादावर चुकलेली रेघ पुसता येत नाही आणि झालेले काम गिऱ्हाइकाबरोबर निघून जाते, बहुधा कारागिराच्या नावाशिवायच. निम्श्के मात्र कोरलेल्या नक्षीत शाई भरून कागदावर तिचा ठसा घेई आणि तो वहीत जपून ठेवी. वेलीचे वळण कुठे सैल पडले, कुठे जागा रिकामी राहिली, हे अशा ठशात उघडे पडते. हात सुधारायचा तो असा. १९०४ मध्ये तो गेला. १९६५ साली ती वही पुस्तकरूपाने छापली गेली आणि कितीतरी निनावी नक्ष्यांना त्यांचा धनी मिळाला.